मागावर, पाठीशी, पाळतीवर

चैत्र सरत आला होता. वारूळवाडीजवळच्या एका गावच्या यात्रेत बैलगाडा शर्यतीचा घाट, म्हणजे धावपट्टी, माणसांनी भरला होता आणि पुढची बारी, म्हणजे पुढची धाव, सुटायच्या बेतात होती. घाटाच्या तोंडाशी विशीतला एक मुलगा हातात रिमोट घेऊन उभा होता. त्याचा ड्रोन झाडांच्या शेंड्यांहून उंच, जागच्या जागी घोंघावत होता. मुलानं पडद्यावर गाड्याभोवती बोटानं चौकट ओढली आणि मला म्हणाला, "मामा, फॉलोला टाकलाय. आता हात लावायचं काम नाय." तेवढ्यात 'भिर्रर्र'ची आरोळी झाली. घोडी पुढं, चार बैल मागं. बारा-तेरा सेकंदांत बारी संपली आणि घाट धुळीनं भरून गेला. माझ्याजवळ मात्र त्याचा शब्द राहिला : फॉलो.

त्याआधी ड्रोनचं बघू. इंग्रजीत ड्रोन म्हणजे मधमाशीतला नर. जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला हा शब्द मुळात त्याच्या गुणगुणण्यावरून पडला असावा. विमानाला तो चिकटला 1930 च्या दशकात. तोफांचा नेम पक्का करण्यासाठी ब्रिटिशांनी 1935 मध्ये रेडिओवर चालणारं, वैमानिक नसलेलं विमान उडवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'क्वीन बी', म्हणजे राणी माशी. अमेरिकी नौदलानं तसंच काम हाती घेतलं तेव्हा राणीच्या जोडीनं नराचं नाव आलं : ड्रोन. या नराला नांगी नसते, तो मध गोळा करत नाही. त्याचे डोळे मात्र कामकरी माशीपेक्षा खूप मोठे, डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात. आभाळात उडणारी राणी हेरायची आणि तिच्यामागं जायचं, यासाठीच ते डोळे. नाव देणाऱ्यांच्या मनात हे नसेलही, पण आज गाड्यामागं आपणहून उडणाऱ्या यंत्राला तेच नाव नेमकं बसलं आहे.

डोळ्यानं मागं जाणं ही एक रीत झाली. दुसरी रीत शेजारच्या वारूळवाडीच्या नावातच आहे. त्यातलं वारूळ कुठून आलं? अमरकोशात वल्मीकाला 'वामलूर' असा एक शब्द दिला आहे. त्यातला म गळाला, ल आणि र यांनी जागा बदलल्या की वारूळ हाताशी येतं. मला ही वाट पटते, कारण मराठी जिभेनं अशी अदलाबदल पुष्कळदा केली आहे. वारूळ बांधणाऱ्या बहुतेक कामकरी वाळवीला डोळे नसतात. पुढच्या वाळवीनं जमिनीवर ठेवलेल्या वासाच्या रेघेवरून मागची चालते. ती तिला बघत नाही, तिचा माग धरते.

यंत्रांनीही याच दोन रीती धरल्या. 2014-15 च्या सुमारास आपणहून मागं येणारे पहिले ड्रोन बाजारात आले, तेव्हा पुष्कळांमध्ये स्वाराच्या मनगटाला एक खूणयंत्र बांधावं लागे. ते उपग्रहांवरून आपली जागा ठरवून रेडिओनं कळवी आणि ड्रोन त्या संकेतावर चाले. ही वाळवीची रीत. मार्च 2016 मध्ये डीजेआय कंपनीच्या फँटम 4 नं दुसरी रीत घरोघर नेली. पडद्यावर चौकट ओढायची, पुढच्या प्रत्येक चित्रात तोच आकार शोधायचा, तो कुठे सरकतोय याचा अंदाज बांधायचा. ही नराच्या डोळ्यांची रीत.

अशा ड्रोनची खरी गरज जाणवते ती बर्फावर, डोंगरउतारावर. कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या जोसेफ-आर्मान बोंबार्डिए यांनी 1959 मध्ये 'स्की-डू' ही हलकी बर्फगाडी आणली. कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा घेणारी म्हणून तिचं नाव 'स्की-डॉग' ठेवायचं होतं आणि छपाईच्या चुकीनं ते स्की-डू झालं, असं सांगतात. मोकळ्या बर्फावर ही गाडी अशी सुटते की चित्र घेणारा सोबती मागं पडतो. म्हणून कॅमेऱ्यालाच मागं धाडलं. पण गाडीमागं उडणारा बर्फाचा भुगा स्वाराला झाकतो, आणि थंडीत बॅटरी लवकर दम सोडते. आमच्या घाटात थंडी नाही, पण भुग्याच्या जागी धूळ आहे, भंडारा आहे, गुलाल आहे. चौकटीतला गाडा त्यात हरवला की ड्रोन गोंधळतो.

आमची गाडी तर आणखी वेगळी. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या घाटात गाड्यावर हाकणारा नसतो. पुढं स्वारासह घोडी पळते आणि बैल तिच्यामागं. दक्षिणेकडं गाडीवर हाकणारा असतो, विदर्भात शंकरपट भरतो, पण मागं जाण्याचा हा खेळ खास आमचा. म्हणजे ड्रोन येण्याच्या किती तरी आधी आमचा गाडा आपणहून कुणाच्या तरी मागं पळत होता.

गाडा हा शब्दही पाहण्यासारखा. प्राकृतात गड्डी होती, तिची आपण गाडी केली. मराठीत मोठं दाखवायचं तर पुल्लिंग करतात : लोटी-लोटा, गाडी-गाडा. शर्यतीचा गाडा खरं तर वजनानं अगदी हलका असतो. त्याला गाडा म्हणण्यात वजन नाही, मान आहे. शर्यत तर अरबीतल्या 'शर्त'वरून आली. शर्त म्हणजे अट. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती बंद केल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी परवानगी दिली ती अटींसह, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. अट हा शब्दाचा मूळ अर्थ होता, तो फिरून दारात आला, याचं मला बरं वाटतं. बैलाला चाबूक नको, इजा नको, ही अट खेळाच्या जिवाची आहे.

आता फॉलोकडं येऊ. इंग्रजीत एकच शब्द सगळं काम करतो. मराठीत मागं जायचं ते कशासाठी, हे विचारल्याशिवाय एक पाऊल पुढं जाता येत नाही.

मागे या शब्दात मार्ग आहे. संस्कृत मार्गाचा प्राकृतात मग्ग झाला आणि त्याच मग्गाला मागची बाजू हाही अर्थ आला. पुढचा ज्या वाटेनं गेला तीच मागच्याची वाट, म्हणून माग आणि मागे ही एकाच घरची मुलं. मागोवाही त्याच घरचा. ऊसपट्ट्यातल्या बिबट्याचा वनखातं ठशांवरून माग काढतं. वनखातं बिबट्यासाठी ड्रोन सोडतं तेव्हा तो मागावर असतो.

पाठलागात पाठ आहे, संस्कृत पृष्ठ, आणि लाग आहे, लागणं, चिकटणं. पाठलाग पकडण्यासाठी असतो आणि पुढच्याला तो कळला की तो जिवाच्या आकांतानं पळतो. पाठराखणीतही तीच पाठ आहे, पण तिथं पाठ धरायची नसते, राखायची असते. नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी पाठराखीण वाटभर सोबत असते आणि नवरीला धीर वाटतो. पाठ एकच, पण एका शब्दात भीती आहे आणि दुसऱ्यात आधार.

पाळत आणखी चमत्कारिक. तिचं नातं पाळण्याशी, सांभाळण्याशी. पण पाळत ठेवतात ती संशयानं. 2024 मध्ये जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या वाड्यावस्त्यांवर रात्री अनोळखी ड्रोन घिरट्या घालू लागले, तेव्हा माणसं काठ्या घेऊन जागली. दिवसा यात्रेत ज्याला हात हलवून दाखवत होते, तेच यंत्र रात्री अंगणावर आलं की पाळत झालं. यंत्र बदललं नाही, हेतू बदलला.

आणि एक शब्द, अनुसंधान. पलीकडं खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची. पृथ्वी फिरते तशा त्या तबकड्याही सावकाश वळत राहतात आणि एका दूरच्या दीर्घिकेवरचं लक्ष ढळू देत नाहीत. तिच्यापर्यंत कधी पोचायचं नाही, तिला धरायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं. संतांनी हा शब्द नामाशी जोडला, शास्त्रज्ञांनी संशोधनाशी. मला दोन्ही एकच वाटतात.

म्हणून घाटातल्या ड्रोनला मी फॉलो म्हणू देणार नाही. बटणाला 'मागावर टाक' म्हणावं, तो नेमका शब्द आहे आणि माग काढणाऱ्यांच्या तोंडचा आहे. पण वागणूक मात्र पाठराखणीची हवी. ड्रोन खाली आला, त्याचा आवाज बैलांच्या कानात घुमला, तर बैल बिथरतो. मग ती पाठराखण राहत नाही, पाठलाग होतो. नियमांत उंचीची वरची मर्यादा आहे, 120 मीटरची. खालची मर्यादा बैलाच्या भीतीनं ठरते आणि ती ओळखायला बैलाजवळ उभं राहावं लागतं.

धूळ खाली बसली. पडद्यावरची चौकट रिकामी होती. बारीच्या मध्यावरच गाडा धुळीत गेला होता आणि ड्रोन तिथंच अडकून राहिला होता. बैल मात्र त्याच धुळीतून घोडीमागं निशाणापर्यंत पोचले होते. मुलगा ते बघत गप्प उभा होता. मी त्याला विचारलं, "अजून थोडा वर नेशील? बैल कान टवकारत होते." त्यानं मान डोलावली आणि पुढच्या बारीला ड्रोन आणखी उंच नेला. गाडा पडद्यावर बारीक दिसत होता. घोडी पुढं, बैल मागं, आणि सगळ्यांत वर, कुणाच्या पाठीला न लागता, तो.