व्यापारी जागेचा स्ववापरार्थ ताबा

भाड्याने दिलेले दुकान, गोदाम वा तत्सम बिगर-निवासी जागा स्वतःच्या उपयोगासाठी भाडेकरूकडून परत मिळविण्याचा मालकाचा हक्क. सर्वसाधारण कायद्यानुसार मुदत संपताच वा नोटीस देऊन भाडेपट्टा संपविता येतो. भाडे-नियंत्रण कायद्यांनी या हक्काला मर्यादा घातली.

मुंबई इलाख्यात अशा नियंत्रणाचा आरंभ पहिल्या महायुद्धातील १९१८ च्या कायद्याने झाला. दीर्घकाळ टिकला तो १९४७ चा मुंबई भाडे-नियंत्रण कायदा (अंमल १३ फेब्रुवारी १९४८). खानदेश मुंबई प्रांतात असल्याने तेथील व्यापारी पेठांचा संबंध याच कायद्याशी आला. विदर्भ व मराठवाडा येथे निराळे कायदे होते. तिन्हींची जागा ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे-नियंत्रण अधिनियम, १९९९ याने घेतली.

१९४७ च्या कायद्याच्या कलम १३(१)(ग) नुसार मालकाची गरज वाजवी व प्रामाणिक असली पाहिजे. केवळ इच्छा पुरेशी नाही. राहते घर व दुकान असा भेद या कलमात नव्हता, हे विशेष होय. पूर्व पंजाबात १९५६ च्या दुरुस्तीने व्यापारी जागेबाबत मालकाचा हा हक्क काढून घेतला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या अखेरीस पुनःस्थापित केला. दिल्लीतील असाच भेद २००८ मध्ये रद्द ठरला.

वादाचा खरा गाभा कलम १३(२) मध्ये आढळतो. गरज सिद्ध झाली, तरी हुकूमनामा दिल्याने होणारा त्रास तो नाकारल्याने होणाऱ्या त्रासापेक्षा अधिक असेल, तर ताबा देता येत नाही. ही कल्पना इंग्लंडच्या १९३३ च्या कायद्यातही दिसते. समजा, पारोळ्याच्या पेठेतील एका गाळ्यात भाडेकरूचे किराणा दुकान दोन पिढ्या चालले आहे आणि मालकाच्या शिकलेल्या मुलाला तेथेच धंदा सुरू करावयाचा आहे. मुलाला दुसरी जागा आहे काय, भाडेकरूने पर्यायी गाळा शोधला काय, हे प्रश्न न्यायालयापुढे येतात. लहान गावात गाळा मिळेलही. पण नेहमीचे गिऱ्हाईक व उधारीची खाती नव्या ठिकाणी येतीलच असे नाही. उलट, नाममात्र भाडे घेणाऱ्या मालकाला स्वतःच्याच इमारतीत जागा नसावी, हेही अन्याय्य वाटते. जागेचा काही भाग देऊन दोघांचीही सोय होत असल्यास तेवढ्याच भागाचा हुकूमनामा द्यावा, अशी तरतूद आहे. पण अरुंद गाळ्यांच्या बाबतीत ती सहसा निरुपयोगी ठरते.

गरजेचे निमित्त करून भाडेकरू बदलण्यास आळा घालण्यासाठी कलम १७ होते. ताबा मिळाल्यापासून एका महिन्यात मालकाने वापर सुरू केला नाही, अथवा वर्षाच्या आत जागा दुसऱ्यास भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरूला परत ताबा मागता येई. मात्र वर्षानुवर्षे चाललेल्या दाव्यानंतर दुकानदाराने आपला धंदा अन्यत्र हलविलेला असे. साहजिकच या तरतुदीचा लाभ थोड्यांनाच झाला असावा.

१९९९ च्या अधिनियमाच्या कलम १६ मध्ये हीच चौकट जवळजवळ तशीच आहे. मात्र बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या या भाडेकरूंना आता संरक्षण नाही. मुंबई व तालुक्याचे गाव यांत हा कायदा फरक करीत नाही, तरी पेठेतील सामान्य दुकानदाराला या अपवादाची झळ पोहोचत नाही.