चौकातला पुतळा, कुसाबाहेरची हाडं

पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर लागुश नावाचं जुनं बंदर. तिथला एक चौक, टीचभर. मधोमध राजपुत्र हेन्रीचा पुतळा, एका अंगाला चर्च, कोपऱ्यात कमानींची इमारत.

8 ऑगस्ट 1444. आफ्रिकेतून पकडून आणलेली 235 माणसं इथं उतरवली. वेशीबाहेरच्या मैदानात त्यांची वाटणी झाली. आईपासून लेकरू तोडलं. राजपुत्र घोड्यावर बसून बघत होता. पाचवा हिस्सा त्याचा, 46 माणसं. हे कुणा शत्रूनं नाही, त्यांच्याच दरबारी बखरकारानं, झुरारानं, लिहून ठेवलंय.

कमानींची इमारत 1691 ची. तिला लोक गुलामांचा बाजार म्हणतात. आता तिथं संग्रहालय आहे. पुतळा 1960 चा. हेन्रीला मरून 500 वर्षं झाली म्हणून सालाझारच्या राजवटीत बसवला. तेव्हा आपला गोवाही त्याच सालाझारच्या टाचेखाली होता.

आणि ती माणसं? 2009 साली जुन्या तटाबाहेर मोटारतळासाठी खोदकाम निघालं. गावच्या जुन्या उकिरड्यात दीडशेहून जास्त आफ्रिकी माणसांचे सांगाडे सापडले. त्यात बाया होत्या, पोरं होती. काहींचे हात बांधल्यासारखे. मोटारतळ मात्र झालाच.

मित्रांनो, गावकूस म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मालकाला चौकात चौथरा, राबणाऱ्याला कुसाबाहेर उकिरडा. म्हणून पुतळ्याखालची पाटी वाचून परत फिरू नका. वेशीबाहेर जा. तिथं कोण पुरलंय ते विचारा, आणि लिहून काढा.