भाकर आणि गिरास

सुरत शहराच्या पूर्व अंगास गोडादरा नावाचे गाव होते. आज ते शहराच्या पोटात गेले आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून मागांच्या व साड्यांच्या धंद्यामागे आलेल्या मराठी कुटुंबांची तेथे दाट वस्ती आहे. गाव सुटले, पण ताटातली ज्वारीची भाकरी काही सुटली नाही. अशा वस्तीतील एखादे ख्रिस्ती घर मराठीतून प्रभूची प्रार्थना म्हणेल, तर ते देवाकडे ‘भाकर’ मागेल. शेजारचे गुजराती घर ‘रोटली’ मागेल. आणि गोव्याकडचा कोणी पाहुणा आला, तर तो आपल्या कोंकणीतून ‘दिसपट्टो गिरास’ मागेल. मागणे एकच, परंतु प्रत्येक भाषेने ते आपापल्या ताटातून उचलले आहे. ख्रिस्ती माणसाची नित्याची कृतज्ञता आपल्या प्रदेशात कशी रुजली, हे पाहावयाचे तर या साध्या शब्दांपासूनच आरंभ करणे आम्हांस योग्य वाटते.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील मूळ ग्रीक शब्द पावाचा आहे. त्याला जोडलेले विशेषण इतके विरळ आहे की त्याचा अर्थ ‘आजच्यापुरती’, ‘उद्याची’ की ‘गरजेपुरती’ यावर पंडितांचा वाद अद्याप मिटलेला नाही. आपल्याकडील भाषांतरकारांनी या वादात न शिरता सरळ स्वयंपाकघराची वाट धरली. गोव्यात पाव पोर्तुगीजांबरोबर आला होता, तरी कोंकणी प्रार्थनेत पाव नाही, घास आहे. ‘गिरास’ म्हणजे संस्कृतातला ‘ग्रास’. जेवणापूर्वी ‘कवळ’ हातात धरून हरीचे नाव घेणाऱ्या मराठी घराला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ओवीबद्ध मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापवून घेतले, त्याच वळणाची ही समजूत होय. पुढे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले आणि १८२६ मध्ये त्यांचा मराठी ‘नवा करार’ छापून निघाला. इकडे सुरतेस लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर व फाय्वी १८१५ मध्ये उतरले आणि गुजराती बायबलाचे काम याच शहरात झाले. कापड व जहाजे यांसाठी सुरतेचे नाव सारे घेतात. या कामासाठी ते क्वचितच घेतले जाते.

शब्द असा ताटातून आला, तसा सणही शेतातून आला. सासष्टीतील राय गावी ५ ऑगस्टला भाताची पहिली कणसे कापून चर्चमध्ये आशीर्वादित करतात. मुंबई-वसईकडील मराठी बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ पाळतात. मंगळुरास ८ सप्टेंबरला मारियेच्या जन्मदिवशी ‘मोंती फेस्त’ असते. मुले नऊ दिवस फुले वाहतात, आशीर्वादित कणीस घरोघर जाते, त्यातले दाणे सोलून, कुटून दुधात वा नारळाच्या रसात घालतात आणि वडील माणसाच्या हातून सर्वांना वाटतात. ‘नवें’ ते हेच. जो मुलगा परगावी असेल त्याला पाकिटातून दाणे धाडण्याची चाल आहे. शेत नसलेल्या माणसालाही शेताचे ऋण पोहोचविण्याची ही युक्ती आम्हांस फार मोलाची वाटते. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती घरांतील किती तरी जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. अगदी भात मिठावाचून शिजविण्यालाही हरकत घेतली. कणीस मात्र वेदीपाशी टिकले. भुकेशी जोडलेल्या आभाराला हुकूम लागू पडत नसावा.

परंतु कणीसच नसेल तेव्हा काय? खरी कसोटी तेथे लागते. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकाअखेर दुष्काळांत मिशनांनी अन्न दिले, आणि ज्यांनी ते घेऊन बाप्तिस्मा घेतला त्यांच्यावर ‘पोटासाठी धर्म सोडला’ हा शिक्का बसला. या आरोपात तथ्य मुळीच नव्हते असे म्हणणे धाडसाचे होईल. भाकरीच्या मोबदल्यात आभार मागणारा दाता आभाराचाच व्यापार करतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो. तथापि उपाशी माणसाने अन्न वगळून देवाचे आभार मानावेत, ही पोट भरलेल्यांची अपेक्षाही तितकीच अन्यायाची आहे.

या प्रश्नाला पंडिता रमाबाईंइतके जवळून कोणी पाहिले असेल असे वाटत नाही. १८५८ साली जन्मलेल्या या बाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडिलांना अन्नावाचून जाताना पाहिले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या भुकेल्या नव्हत्या, विद्वान म्हणून गाजलेल्या होत्या. त्यांना तो शिक्का लावता येत नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या व शेकडो मुली घेऊन आल्या. १९०० साली, गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणून ज्याची आठवण आजही निघते त्या दुष्काळात, तिकडूनही मुली केडगावच्या ‘मुक्ति’त आल्या. तेथे प्रार्थना होती, तशी विहीर, शेत, माग आणि छापखानाही होता. मुलींना रोजची भाकर मिळे, ती मिळवावयासही शिकविले जाई. त्याच बाईंनी अखेरची वर्षे मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरविण्यात घालविली. १९२२ मध्ये त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. ज्या घरात आईवडिलांना घास मिळाला नव्हता, त्या घरातील मुलीने रोजच्या अन्नाचे मागणे आपल्या हाताने मराठीत लिहिले, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानी घ्यावी.

गोडादऱ्यात आता कणीस पिकत नाही. ज्वारी दुकानातून येते, किंवा सुटीत खानदेशात गेलेला माणूस गावाकडून गोणी आणतो. पाळीवरून रात्री परतलेल्यासाठी भाकरी झाकून ठेवलेली असते. तो हात धुतो, बसतो, आणि पहिला तुकडा मोडतो.