पन्नास वर्षांचा म्हातारा

ज्यांनी आयसेलिन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. न्यू जर्सीतल्या वुडब्रिज टाउनशिपचा हा एक भाग. मेट्रोपार्क स्टेशनवर उतरून ओक ट्री रोडला लागलं की सोन्याची दुकानं, साड्या, पाणीपुरी आणि बासमतीच्या गोण्या अशी सगळी रांग सुरू होते. पाट्या इंग्रजीत, बोलणं बहुतेक गुजरातीत. मधेच कुणीतरी मागून "अगं, कढीपत्ता राहिला" म्हणतं आणि आपली मान आपोआप वळते.

पीएच.डी. करत होतो तेव्हा महिन्यातून एकदा ट्रेनने इथे यायचो. मुख्य काम किराणा. पण एका दुकानात मसाल्यांच्या मागे डीव्हीडींचा रॅक होता. वरच्या तीन खणांत हिंदी, चौथ्यात गुजराती नाटकं आणि अगदी खाली, गुडघे टेकून बसावं लागेल अशा खणात, दहा-बारा मराठी. तिथे मला 'चौकट राजा' मिळाला, दोन डॉलरला. त्या रात्री मी आणि माझा तमिळ रूममेट तो पाहत बसलो. त्याला भाषा कळत नव्हती, पण शेवटी तो उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. नंतर मी त्याला सहज म्हणालो, "अरे, 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधी म्हणजे हेच." त्याचा विश्वासच बसेना. मी जालावर फोटो काढून दाखवले तरी तो म्हणाला की नाव सारखं असेल, माणूस वेगळा.

दिलीप प्रभावळकरांच्या पन्नासहून जास्त वर्षांच्या कारकिर्दीबद्दल मी जे काही वाचलंय त्यात इतकी नेमकी दाद दुसरी नाही.

त्यांचा जन्म 4 ऑगस्ट 1944 चा. ही तारीख लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा हिशेब तिच्यावर आहे. सुरुवात रत्नाकर मतकरींच्या नाटकांतून. 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चिंची चेटकीण ही त्यांची भूमिका. (2018 मध्ये हे नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले. माझी भाची ते पाहून आठवडाभर घरात खोकत खोकत हसत होती.) मतकरींच्याच 'आरण्यक' मध्ये ते विदुर होते, 1974 साली. म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस एकीकडे चेटकीण आणि दुसरीकडे महाभारतातला थकलेला, शहाणा म्हातारा. हे 'आरण्यक' 2018 मध्ये पुन्हा उभं राहिलं तेव्हा विदुर कोण, तर तेच. चव्वेचाळीस वर्षांनी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

मग टीव्ही. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात चिमणराव आले. माझे बाबा तेव्हा गिरगावात चाळीत राहत. मजल्यावर एकच टीव्ही होता आणि तो ज्यांच्याकडे होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. बाबा सांगतात की मालिका संपली की चाळीतले सगळे गुंड्याभाऊंसारखे बोलायचा प्रयत्न करायचे. चिमणरावांची नक्कल मात्र कुणाला जमायची नाही. बाळ कर्व्यांचे गुंड्याभाऊ म्हणजे आवाज, मिशी, सोटा. नकलेला पकडायला काहीतरी होतं. चिमणराव म्हणजे नुसतं बावरणं. पकडणार काय?

चिं. वि. जोशी हे बडोद्याचे पालीचे पंडित. त्यांनी लिहिलेला हा मध्यमवर्गीय, भित्रा, बढाईखोर माणूस पडद्यावर काही पहिल्यांदा येत नव्हता. मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावं करून' मध्ये 1940 साली दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते. बाबांच्या वडिलांनी तो चित्रपट पाहिलेला. त्यामुळे चाळीत आजोबा विरुद्ध बाबा असा वादही झालेला आहे, की खरा चिमणराव कोणाचा. आजोबांचं म्हणणं, दामुअण्णा पडद्यावर दिसले की हसू यायचं. बाबांचं म्हणणं, प्रभावळकरांना पाहून आधी दया यायची आणि मग हसू. मी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आहेत आणि बाबांच्या बाजूने आहे. (वारसाहक्काने नाही, जे तुकडे पाहायला मिळाले त्यावरून.) 1979 मध्ये 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपटही आला, पण त्या काळातल्या लोकांच्या मनात राहिली ती मालिकाच.

इथे दुसरा कुणी असता तर जन्मभर चिमणरावच राहिला असता. आपल्याकडे ही फार जुनी शिक्षा आहे. एक भूमिका गाजली की लोक त्या माणसाला भाजीवाल्यापाशीसुद्धा त्याच नावाने हाक मारतात. प्रभावळकर त्यातून निसटले ते बहुधा चेहऱ्यामुळे. बँकेत काउंटरच्या पलीकडे दिसावा तसा चेहरा. 'एक डाव भुताचा', मग 'साळसूद' या मालिकेतला थंड डोक्याचा खलनायक, 1991 मध्ये 'चौकट राजा'तला नंदू. त्याच सुमारास स्वतः लिहिलेलं 'हसवाफसवी', ज्यात एकाच नाटकात सहा भूमिका. त्यातली एक दीप्ती लुमुंबा नावाची बाई आणि एक कृष्णराव हेरंबकर, संगीत नाटकांच्या जमान्यातला थकलेला गायक नट. ज्यांनी ते रंगमंचावर पाहिलं ते सगळे दीप्तीला हसल्याचं सांगतात, पण बोलत राहतात ते कृष्णरावांबद्दल.

तेव्हा प्रभावळकर पन्नाशीलाही पोचले नव्हते.

तर सांगायचा मुद्दा असा. माझं संशोधन प्लास्टिकच्या वार्धक्यावर आहे. हसू नका, यावर पोट चालतं. एखादी केबल तीस वर्षं टिकेल का हे पाहायला तीस वर्षं थांबता येत नाही. म्हणून तिचे तुकडे भट्टीत ठेवायचे, तापमान वाढवायचं आणि तीस वर्षांचं म्हातारपण काही आठवड्यांत आणायचं. प्रभावळकरांनी हेच केलं असं मला वाटतं. स्वतःचं म्हातारपण येण्याच्या किती तरी आधी त्यांनी ते काढून, तपासून ठेवलं. 2001 मध्ये तेव्हाच्या अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झालं तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते, आणि पडद्यावर होते निवृत्त, नातवंडं कॉलेजात असलेले आबा. 2006 मध्ये गांधी झाले तेव्हा बासष्ट.

टिपऱ्यांवर जरा थांबतो, कारण ती माझी मालिका. ती आली प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या वृत्तपत्रातल्या सदरातून, एका निवृत्त माणसाची रोजनिशी. (पुढे मराठी जालावर ब्लॉगला 'अनुदिनी' म्हणायची पद्धत पडली, म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय तेही नावापुरतं आबांचंच खातं.) केदार शिंदेंनी तिची मालिका केली. आम्ही तोवर डोंबिवलीला आलो होतो. आठवड्यातून एकदा आई, बाबा, आजी आणि मी. शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका. त्या घरात काही घडायचंच नाही. कारस्थान नाही, दुसरं लग्न नाही, स्मृतिभ्रंश नाही. फोनचं बिल जास्त आलं, यावर एक भाग. आणि या सगळ्यात आबा काय करायचे? बहुतेक वेळा ऐकायचे. प्रभावळकर त्या मालिकेत दुसऱ्याचं वाक्य चालू असताना जे करतात ते पाहण्यासारखं आहे. चष्मा वर करतात, एकदा दाराकडे बघतात, बोलायला तोंड उघडतात आणि मिटतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलण्यात शिरायला फट मिळत नाही, हे मला कुणी समजावलं नव्हतं. ते मी तिथे पाहिलं. त्यानंतर जेवताना आजी बोलायला लागली की मी, तेरा वर्षांचा, गप्प बसायला लागलो. एवढा एक चांगला गुण माझ्यात आला तो आबांमुळे.

'लगे रहो मुन्नाभाई' 1 सप्टेंबर 2006 ला आला. गांधी म्हटलं की जगाला बेन किंग्जली आठवतात, आणि त्यात चूक काही नाही. पण हिराणींच्या चित्रपटातले गांधी इतिहासातले नाहीत, ते मुन्नाच्या डोक्यातले आहेत, फक्त त्यालाच दिसणारे. जो नट खोलीत असूनही नसल्यासारखा राहू शकतो त्यालाच हे काम जमणार. त्याच नोव्हेंबरात तो चित्रपट न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात दाखवला गेला, म्हणजे आयसेलिनहून ट्रेनने तासाभराच्या अंतरावर. 2006 सालचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना या चित्रपटासाठी आणि 'शेवरी' या मराठी चित्रपटासाठी मिळून मिळाला. ओक ट्री रोडवरच्या कुणालाही 'शेवरी' विचारून बघा. असो.

त्यानंतर 'सरकार राज', 'देऊळ', 'नारबाची वाडी'. मधे काही चित्रपटांत त्यांना नुसतं गोड आजोबा करून ठेवलं, तेव्हा मला राग यायचा. भट्टीत इतकी वर्षं घालवलेल्या माणसाकडून फक्त गोडवा काढणं म्हणजे उसाच्या गुऱ्हाळात जाऊन पाणी मागणं.

आणि मग 2025 च्या सप्टेंबरात 'दशावतार' आला. सुबोध खानोलकरांचा हा चित्रपट. त्यात प्रभावळकर बाबुली मेस्त्री, कोकणातले म्हातारे दशावतारी कलावंत. दृष्टी अधू झालेली. मुलगा म्हणतो आता पुरे, थांबा. बाबुली म्हणतात, थोडं राहिलंय. पुढचं सांगत नाही. पण एक्याऐंशी वर्षांचा माणूस अंगावर जड वेश चढवून रानात, पाण्यात, अंधारात जे करतो, त्यात आता अभिनय किती आणि वय किती हे वेगळं काढता येत नाही. आमच्या भट्टीची एक अडचण असते. तीत उष्णता घालता येते, पण ऊन, पाऊस, मीठ, उंदीर हे सगळं खऱ्या वर्षांबरोबरच येतं. टिपरे आबांच्या आणि बाबुलीच्या मानेत मला तोच फरक दिसला. आबांची मान वाकलेली होती. बाबुलीची मान वाकते, आणि तो ती ताठ ठेवायला धडपडतो.

मी हा चित्रपट नंतर पाहिला. आधी पाहिला बाबांनी, ठाण्याला, एकट्याने जाऊन. बाबा सत्तरीचे आहेत. आई गेल्यापासून एकटे राहतात. एका डोळ्यात काचबिंदू आहे आणि तरीही आठवड्यातून तीन संध्याकाळी डोंबिवलीहून लोकल पकडून परळच्या एका रात्रशाळेत गणित शिकवायला जातात. पगार जवळजवळ नाहीच. गेली दोन वर्षं आमच्या फोनवर एकच विषय आहे. मी म्हणतो, लोकल बंद करा, इथे या, आयसेलिनला सगळं मिळतं, अगदी अळूची पानंसुद्धा. ते म्हणतात, दहावीची बॅच संपू दे. दर वर्षी एक नवी दहावीची बॅच असते.

'दशावतार' पाहून आल्यावर त्यांनी स्वतःहून फोन केला, हे विशेष. प्रभावळकर पाण्यात कसे उतरले, आवाज अजून कसा लागतो, चाळीतला तो टीव्ही, चपलांचा ढीग, सगळं झालं. मग म्हणाले, "त्यातला पोरगा अगदी तुझ्यासारखा आहे. चांगला आहे, पण कटकट फार करतो."

मी म्हणालो, "बाबा, तो बरोबर बोलत होता."

"बरोबरच बोलत होता," बाबा म्हणाले. "मी कुठे नाही म्हणतोय?"

पुढच्या शनिवारी मी ओक ट्री रोडवर गेलो तेव्हा त्या जुन्या दुकानात डोकावलो. डीव्हीडींचा रॅक कधीच गेलाय. तिथे आता गोठवलेल्या पराठ्यांचं कपाट आहे. मी अळूची पानं घेतली, नीट करता येत नाहीत तरी.

सोमवारी सकाळी साडेसातला, ऑफिसला निघायच्या आधी, बाबांना फोन लावला. तिकडे संध्याकाळचे पाच. डोळ्यांत थेंब घातले का विचारलं. घातले म्हणाले. मी पुढे काही बोलणार तेवढ्यात म्हणाले, "ठेवतो रे, पाच बावीसची गाडी आहे," आणि त्यांनीच फोन ठेवला.