स्लॅबवरून कामगार पडला तर भरपाई कुणी द्यायची? छोट्या ठेकेदारांसाठी विम्याची माहिती

तामलवाडी (ता. तुळजापूर) : सोलापूर-तुळजापूर महामार्गालगतच्या तामलवाडी परिसरात घरं, गाळे, शेड अशी कामं चालूच असतात. पाच-सहा गवंडी-बिगारी घेऊन काम उचलणारे ठेकेदार गावोगावी आहेत. "कामगारांची मंडळात नोंदणी आहे, मग वेगळा विमा कशाला?" असा अनेकांचा समज असतो. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

मंडळाची मदत वेगळी
महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात 18 ते 60 वयाच्या, वर्षात 90 दिवस काम केलेल्या कामगाराची नोंदणी होते. कामावर मृत्यू झाल्यास मंडळ वारसाला 5 लाख रुपये देतं. पण त्यानं ठेकेदाराची जबाबदारी संपत नाही.

ठेकेदाराची जबाबदारी
कामावर अपघात झाला तर भरपाई मालकानं द्यायची, हे 1923 च्या कायद्यापासून ठरलेलं आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत आला. 12 फूट वा त्याहून उंच इमारतीचं काम यात येतं. कामगार दोनच असले, रोजंदारीचे असले तरी सुटका नाही. कामावर येता-जाताना झालेला अपघातही कामाशी संबंध असेल तर आता धरला जातो. पोटठेका दिला असेल तर मोठ्या ठेकेदाराकडेही भरपाई मागता येते.

हिशोब कसा?
30 वर्षांचा गवंडी, महिना मजुरी 15,000 रुपये धरू. 2020 पासून हिशोबाला हीच कमाल मजुरी धरली गेली आहे. वयानुसार ठरलेला गुणक 207.98.

• मृत्यू : मजुरीच्या 50 टक्के × गुणक = 15,59,850 रुपये
• कायमचं पूर्ण अपंगत्व : 60 टक्के × गुणक = 18,71,820 रुपये
• अंगठा तुटला : त्याच्या 30 टक्के, म्हणजे 5,61,546 रुपये

दवाखान्याचा खर्च वेगळा. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, शिवाय 50 टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. एवढी रक्कम भरायची तर छोट्या ठेकेदाराला जमीन विकायची पाळी येते.

विमा घेताना
'कर्मचारी भरपाई विमा' न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्यांकडे आणि खासगी कंपन्यांकडेही मिळतो. हप्ता वर्षाची एकूण मजुरी आणि कामातला धोका यावर ठरतो. हप्ता वाचवायला माणसं किंवा मजुरी कमी दाखवली तर दाव्याच्या वेळी अडचण येते. दवाखान्याचा खर्च आणि पोटठेकेदाराची माणसं पॉलिसीत आहेत का, ते आधीच विचारून लेखी घ्यावं. दंड विमा कंपनी भरत नाही, तो ठेकेदाराच्याच अंगावर पडतो.

20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना कामगाराची स्वतःची आहे. त्यातून अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. ती जरूर काढावी, पण ती ठेकेदाराच्या विम्याची जागा घेत नाही.

अपघात झाला तर
आधी दवाखाना. मग पोलीस ठाण्यात खबर आणि विमा कंपनीला लेखी कळवणं. हजेरी वही, मजुरी दिल्याच्या नोंदी आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत. वहीत नाव नसेल तर तो माणूस कामावर होता हे दाखवणं अवघड जातं.

गावात बसून, बाँडवर सह्या घेऊन प्रकरण मिटवायची पद्धत आहे. मृत्यूच्या प्रकरणात ती दोघांनाही महागात पडते. भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. तीन महिन्यांच्या मजुरीपर्यंतची आगाऊ रक्कम सोडली तर हातात दिलेले पैसे भरपाई धरले जात नाहीत. वारसांनी दावा मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत करावा.