दीव, दुसऱ्यांदा

'गोवा, दमण, दीव' हे आपण एका दमात म्हणतो, पण दमण आणि दीव यांच्यामध्ये खंभातच्या आखाताचं तोंड आहे. दीव म्हणजे सौराष्ट्राच्या पायथ्याला चिकटलेलं चाळीसेक चौरस किलोमीटरचं बेट. मी १९८६ साली पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथला कारभार पणजीहून चाले. माझे मेहुणे गोवा सरकारच्या नोकरीत, त्यांची तिथे बदली झाली होती. पुढे १९८७ मध्ये गोवा वेगळं राज्य झालं, आणि २०२० मध्ये दमण-दीव दादरा-नगरहवेलीला जोडलं गेलं.

यंदा मुलगा, सूनबाई आणि नातीबरोबर पुन्हा गेलो. किल्ला बघायला गर्दी होतीच. हुमायूनच्या स्वारीने अडचणीत आलेल्या गुजरातच्या बहादुरशहाने १५३५ साली पोर्तुगीजांना तो बांधायची परवानगी दिली. दोनच वर्षांत पोर्तुगीजांच्याच भेटीला गेलेला हा सुलतान इथल्या समुद्रात मेला. पाहुण्याला ओसरी दिली की काय होतं ते बघा! मग १५३८ आणि १५४६ चे वेढे. नातीला तोफांपेक्षा नायडाची भुयारं आवडली. किल्ल्यासाठी दगड काढून काढून झालेल्या त्या खाणी. छतातल्या भोकांतून ऊन खाली उतरतं, भिंतींवर छिन्नीचे घाव दिसतात. कोणी काढले हे दगड, असं तिने विचारलं. व्हाइसरॉयांची नावं मला पाठ आहेत, पण या पाथरवटांपैकी एकाचंही सांगता आलं नाही.

मला स्वतःला मात्र दीवचा खरा इतिहास किल्ल्यापेक्षा गावातल्या गल्ल्यांत जास्त वाटतो. इथले वाणी गुजरातचं कापड मोझांबिकला नेत आणि हस्तिदंत आणत. १६८६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने या व्यापाराचा मक्ताच दीवच्या वाण्यांच्या कंपनीला दिला. त्या व्यापारात गुलामही होते, हे सांगायला हवं. नगरशेठच्या हवेलीचं नक्षीकाम बघताना ते डोक्यातून जाईना.

१९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्याने दीव मुक्त केलं, आणि त्याचा राग पोर्तुगालने मोझांबिकमधल्या भारतीयांवर काढला. त्यांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता गोठवली, देशाबाहेर घालवलं. पोर्तुगीज नागरिकत्व असलेले दीवकर मात्र तिथे राहू शकले.

तेच नागरिकत्व आता गाव रिकामं करतंय. १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळवता येतो. तो घेऊन माणसं पोर्तुगालला नव्हे, थेट इंग्लंडात, लेस्टरला गेली. (ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, ती वाट अवघड झाली म्हणा.) मेहुण्यांच्या जुन्या भाड्याच्या घराची गल्ली शोधत गेलो, तर ओळीने कुलपं. मधेच एखादं घर नवीकोरं, टाइल्स लावलेलं, आणि तेही बंद.

एका ओट्यावर माझ्याच वयाचे एक काका बसले होते. त्यांचे वडील मोझांबिकला होते, मुलगा लेस्टरला.

"आणि तुम्ही?" मी मोडक्या गुजरातीत विचारलं.

"मी किल्ल्या सांभाळतो," म्हणाले आणि शेजाऱ्यांच्या नऊ घरांचा जुडगा दाखवला.