भांग : एकाला भूक, दुसऱ्याला मळमळ

होळी जवळ आली की एक प्रश्न बोरिवलीतही विचारला जातो आणि घाटकोपरलाही : भांगेने उलटी थांबते की होते? उत्तर आहे, दोन्ही होऊ शकते. आणि ही गोष्ट १५६३ सालीच लिहून ठेवलेली आहे.

लिहिणारे होते गार्सिया द ओर्ता. हे पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावर त्यांनी उपचार केले. पुढे तर मुंबई बेटच त्यांना भाडेपट्ट्याने मिळाले होते! गोव्यात छापलेल्या त्यांच्या औषधींवरील ग्रंथात भांगेवर स्वतंत्र प्रकरण आहे. घाटावर त्यांच्यासोबत असलेल्या एका विदूषकाने भांगेच्या पाकाचे एक-दोन तुकडे खाल्ले. आधी तो रंगात आला, मग रडू लागला, आणि त्याला मळमळू लागले. ओर्तांच्या नोकरांचा अनुभव मात्र उलटा होता. काम जाणवत नाही, मन आनंदी राहते आणि खा-खा सुटते, असे त्यांनी सांगितले.

असे का होते? भांगेतला नशा आणणारा घटक, टीएचसी, १९६४ साली शुद्ध रूपात वेगळा केला गेला. तो मेंदूतल्या आणि आतड्यांच्या नसांमधल्या ठरावीक ग्राहींवर काम करतो. मेंदूत उलटीची भावना दाबली जाते, पण पोटाची हालचालही मंदावते. कोणता परिणाम वरचढ ठरेल हे मात्रा, सवय आणि शरीराची ठेवण यांवर अवलंबून असते. काहींच्या यकृतात टीएचसीचा निचरा अनुवंशिकतेमुळेच सावकाश होतो.

पिण्याच्या भांगेत आणखी एक गोम आहे. असर चढायला तास-दोन तास लागू शकतात. "काहीच होत नाही" म्हणून माणूस दुसरा ग्लास घेतो आणि दोन्ही एकदम चढतात. मग चक्कर, धडधड, उलट्या.

केमोथेरपीच्या उलट्यांसाठी अमेरिकेत १९८५ साली कृत्रिम टीएचसीच्या गोळीला मान्यता मिळाली. पण ती मोजून मापून दिलेली मात्रा असते. ठंडाईच्या ग्लासात किती टीएचसी आहे, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसते. म्हणून केमो चालू असताना घरगुती भांग हा उपाय समजू नका. उलट्या थांबत नसतील तर तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना सांगा, आज त्यासाठी चांगली औषधे आहेत.

आता नाण्याची दुसरी बाजू. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी एक विचित्र आजार नोंदवला. वर्षानुवर्षे गांजा ओढणाऱ्यांना वारंवार उलट्यांचे झटके येत आणि गरम पाण्याने अंघोळ केली की तेवढ्यापुरते बरे वाटे. मळमळ थांबावी म्हणून माणूस आणखी ओढतो आणि आजार वाढतच जातो. पाणी कमी पडून मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. यावर खरा उपाय एकच : गांजा पूर्ण बंद करणे.

तेव्हा तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला अशा उलट्या होत असतील आणि पुन्हा पुन्हा गरम पाण्याखाली उभे राहावेसे वाटत असेल, तर डॉक्टरांपासून सवय लपवू नका. ती माहिती कळली नाही तर एंडोस्कोपी, सोनोग्राफी होत राहतील आणि कारण हाती लागणार नाही.